प्लॅन ३०० चा, केबलवर मात्र ९४: पुन्हा पुन्हा अडकणाऱ्या लॅनचं निवारण

तक्रार साधारण अशी असते. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आहे, बिल ३०० चं येतं, राउटरजवळ बसून मोबाइलवर टेस्ट केली तर वायफायवर २७०-२८० मिळतात. आणि लॅपटॉपला केबल लावली की आकडा ९३-९४ वर जाऊन थांबतो. कंपनीत फोन केला, माणूस आला, त्याने राउटर बंद करून चालू केला, दोन दिवस केबलवरही २९० मिळाले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ९४. सोसायटीत, नातेवाइकांकडे, मित्रांच्या घरी हाच प्रकार इतक्यांदा बघितला आहे की एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवतो.

९४ हा आकडा योगायोगाने येत नाही. इथरनेटवर डेटा पाकिटांमधून जातो आणि प्रत्येक पाकिटाबरोबर पत्ते, तपासणीचे बाइट आणि दोन पाकिटांमधली मोकळी जागा यांत काही भाग खर्ची पडतो. नेहमीच्या १५०० बाइटच्या पाकिटाला तारेवर १५३८ बाइटची जागा लागते, आणि त्यातले १४६० बाइट तुमच्या कामाचे असतात. हा भागाकार केला की ०.९४९ येतं. म्हणजे १०० एमबीपीएसची लिंक (केबलच्या दोन टोकांचा आपसातला जोड) अगदी ठणठणीत असली तरी टेस्टमध्ये ९५ च्या वर जाऊ शकत नाही. गिगाबिटची, म्हणजे १००० एमबीपीएसची लिंक याच हिशोबाने ९४० च्या आसपास थांबते. टेस्टमध्ये कधी ६०, कधी १७० असे आकडे येत असतील तर कारण वेगळं असू शकतं. पण दर वेळी ९३ ते ९५ च्या मध्येच येऊन थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी एक लिंक शंभरावर बांधली गेली आहे हे नक्की समजा. घरातल्या घरात मोठी फाइल कॉपी करताना हेच दुखणं सेकंदाला ११ एमबी (मेगाबाइट, आणि एक बाइट म्हणजे आठ बिट) असं दिसतं.

आधी लिंक बघा, स्पीड टेस्ट नंतर

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली इथरनेट उघडा. तिथे लिंक स्पीड नावाची ओळ असते. तिच्यासमोर १०००/१००० हवं. तिथे १००/१०० दिसलं तर इंटरनेट कंपनीला फोन करायची गरजच नाही, कारण दोष तुमचा कॉम्प्युटर आणि त्याच्या पुढचा पहिला डबा यांच्यामध्येच आहे: केबल, नाहीतर दोन टोकांच्या पोर्टपैकी एखादा. मॅकवर हीच माहिती नेटवर्क सेटिंगच्या हार्डवेअर भागात मिळते. राउटर किंवा स्विच (नेटचे पोर्ट वाढवणारा डबा) यांच्या पोर्टवरचे दिवेही बघा. बऱ्याच डब्यांवर हजारासाठी एक रंग आणि शंभरासाठी दुसरा असतो. कोणता कशाचा, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून डब्याबरोबर आलेला कागद एकदा वाचून घ्या.

इथेच एक सेटिंगही तपासून घ्या. नेटवर्क कार्डच्या गुणधर्मांमध्ये स्पीड आणि डुप्लेक्सचा पर्याय असतो. तो ऑटोवरच हवा. तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालण्यासाठी दोन्ही बाजूंनी आपापसात बोलणी करणं बंधनकारक आहे. कुणी एका बाजूला ‘१०० फुल’ पक्कं करून ठेवलं आणि दुसरी बाजू ऑटोवर राहिली, तर दुसरी बाजू हाफ डुप्लेक्स, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलणं, धरून बसते. मग स्पीड ९४ च्याही पार खाली जातो, आणि जरा लोड आला की नेट अडखळायला लागतं.

वाटेचे तुकडे पाडा

घरातली वाट सरळ आहे. फायबरचा डबा म्हणजे ओएनटी, तिथून राउटर, राउटरमधून भिंतीतली केबल, दुसऱ्या खोलीतला पॉइंट, तिथून पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना जॅक असलेली सुटी केबल) आणि शेवटी कॉम्प्युटर. यातला प्रत्येक तुकडा आपली लिंक स्वतंत्रपणे ठरवतो, आणि सगळ्यात मंद तुकडा असेल तोच तुमचा स्पीड.

वायफायवर २८० येतात आणि केबलवर ९४, तर ओएनटीपासून राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, पुढे शोधा. वायफायवरही ९४ च येत असतील, तर दोष राउटरच्या मागे, ओएनटीच्या बाजूला आहे. एवढ्या एका तुलनेने निम्मं काम होतं.

ओएनटीच्या बाजूचा दोष असेल तर सगळ्यात आधी डब्यावरचं स्टिकर वाचा. लोकल केबलवाले जे ओएनटी बसवतात, त्यांतल्या अनेकांना एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचा एक किंवा तिन्ही पोर्ट शंभराचे. स्टिकरवर ‘१जीई+१एफई’ किंवा ‘१जीई+३एफई’ असं लिहिलेलं असतं. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे शंभर. बसवणाऱ्याने घाईत हाताला लागेल त्या पोर्टमध्ये केबल खुपसलेली असते. ती काढून जीई पोर्टमध्ये लावा. एक पैसा खर्च न होता सुटलेली अशी किती तरी घरं मला माहीत आहेत.

मग राउटर. खोक्यावर ‘एसी १२००’ असं ठळक लिहिलेलं असतं, आणि घेणाऱ्याला वाटतं की हा बाराशेचा राउटर. तो आकडा दोन्ही वायफाय बँडच्या बेरजेचा आहे. मागचे पोर्ट १०/१०० चे असतील तर बाराशेच्या वायफायला मागून शंभरच मिळणार. खोक्याच्या बारीक अक्षरात १०/१००/१००० शोधा, आणि ते नसेल तर तो राउटर घेऊ नका. डबा स्वस्त आहे म्हणून मोह होतो, पण पुढे प्लॅन वाढवला की हाच अडतो.

काही जुन्या इमारतींत फायबर गच्चीवर किंवा डक्टमध्येच संपतं आणि तिथल्या स्विचमधून साधी लॅन केबल खाली फ्लॅटमध्ये येते. तो स्विच शंभराचा असेल तर घरात काहीही बदला, उपयोग नाही. केबलवाल्याकडे फ्लॅटपर्यंत फायबर मागा. आजकाल बहुतेक जण देतात.

घरातल्या तुकड्यांसाठी पद्धत अशी: लॅपटॉप उचला, कंपनीत तयार झालेली एक छोटी, चांगली पॅच कॉर्ड घ्या आणि थेट राउटरच्या लॅन पोर्टला लावा. लिंक १००० दिसली की लॅपटॉप, ती कॉर्ड आणि तो पोर्ट हे तिघे निर्दोष ठरले. आता तीच कॉर्ड आणि तोच लॅपटॉप घेऊन दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटला जा. तिथे १०० झाली तर भिंतीतली केबल किंवा तिची टोकं. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या की स्पीड आला तरी कशामुळे आला ते कळत नाही, आणि महिन्याने तोच त्रास परत येतो.

ज्यांच्याकडे दोन कॉम्प्युटर आहेत त्यांनी आयपर्फ ३ हा मोफत प्रोग्राम दोन्हींवर टाकून आपापसात टेस्ट घ्यावी. मधलं इंटरनेट वगळलं जातं, त्यामुळे ९४० च्या आसपास आकडा आला की घरातली वाट शुद्ध आहे याबद्दल शंका राहत नाही.

जॅकच्या टोकाशी

भिंतीतल्या केबलपर्यंत शोध आला की दहापैकी बहुतेक वेळा दोष टोकांना असतो, मधल्या लांबीत नाही.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार पिळलेल्या जोड्यांमध्ये. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात: १ आणि २ नंबरची पिन, ३ आणि ६ नंबरची पिन. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. त्यामुळे ४-५ वरची निळी किंवा ७-८ वरची तपकिरी जोडी तुटलेली असली तरी शंभराचं नेट बिनधास्त चालतं, आणि प्लॅन ५० किंवा १०० चा असेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लॅन ३०० चा घेतला की मग ‘नवीन प्लॅन घेतल्यापासून गडबड आहे’ अशी तक्रार सुरू होते. गडबड आधीपासूनच भिंतीत असते.

अशा तुटक्या केबलवर नेमकं काय होतं तेही समजून घेण्यासारखं आहे. दोन्ही टोकांचे पोर्ट आधी ‘मला हजार येतं’ असं एकमेकांना सांगतात, आणि हे सांगणं पहिल्या दोन जोड्यांवरून होतं, त्यामुळे ते नीट पोहोचतं. मग चारही जोड्यांवर जुळवाजुळव सुरू होते आणि ती फसते. शहाणी चिप काही वेळा प्रयत्न करून स्वतःहून शंभरावर उतरते. काही जुन्या चिप्सना हे जमत नाही, त्या पुन्हा पुन्हा हजाराचाच हट्ट धरतात, आणि मग दर काही सेकंदांनी पोर्टचा दिवा विझतो, पेटतो, विझतो. कॉम्प्युटरवर केबल लावलेली असूनही ‘केबल जोडलेली नाही’ असं येत-जात असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

सोसायटीतल्या एका काकांच्या अभ्यासिकेतला पॉइंट उघडला होता. फेसप्लेटचे दोन स्क्रू काढले, जॅक बाहेर ओढला. नारिंगी आणि हिरवी जोडी व्यवस्थित बसवलेली. निळी आणि तपकिरी मात्र कापून केबलच्या आवरणावर मागे दुमडलेल्या, वर काळी टेप. काम सीसीटीव्हीवाल्याने केलं होतं. त्यांच्या कामात हे रोजचं आहे: साध्या पीओई स्प्लिटरमध्ये (लॅन केबलमधूनच वीज पाठवायची जोडणी) ४-५ आणि ७-८ वरून कॅमेऱ्याला वीज जाते आणि डेटा उरलेल्या दोन जोड्यांवरून. कॅमेऱ्याला शंभर भरपूर होतात. त्याच सवयीने त्याने घरातला नेटचा पॉइंटही चार तारांवर उरकला होता. टेप काढली, आठही तारा नव्या जॅकमध्ये बसवल्या, दुसऱ्या टोकालाही तेच केलं आणि लिंक हजार झाली. भिंतीला हातही लावावा लागला नाही.

याचाच दुसरा अवतार बिल्डरने दिलेल्या वायरिंगमध्ये सापडतो. एकाच केबलच्या दोन जोड्या नेटच्या सॉकेटला आणि उरलेल्या दोन फोनच्या किंवा इंटरकॉमच्या सॉकेटला. इंटरकॉम वापरात नसेल तर त्या जोड्या परत आणून नेटला जोडा. वापरात असेल तर दुसरी केबल टाकण्याला पर्याय नाही.

तारांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा ठेवा. आपल्याकडे सगळीकडे बी क्रम चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यातली हिरवी जोडी ३ आणि ६ वर, म्हणजे निळीच्या दोन्ही बाजूंना बसते, आणि इथेच घोळ होतो. काही जण रंगांच्या जोड्या ओळीने भरतात, नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि दोन्ही टोकांना तसंच करतात. आठ दिव्यांचा स्वस्त टेस्टर लावला तर एक ते आठ सगळे दिवे क्रमाने पेटतात आणि काम करणारा समाधानाने निघून जातो. पण आता ३-६ चा सिग्नल एका पिळलेल्या जोडीतून जात नाही, दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या एकेका तारेतून जातो. पिळाचा फायदा गेला, शेजारच्या जोडीचा आवाज त्यात मिसळला. छोट्या केबलवर हे खपूनही जातं, लांब केबलवर लिंक डळमळते. म्हणून टेस्टरवर विसंबू नका, जॅकच्या पारदर्शक प्लास्टिकमधून रंग डोळ्यांनी मोजा.

जॅकजवळ पीळ अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. केबलचं बाहेरचं आवरण जॅकच्या आत जायला हवं, म्हणजे क्रिम्पिंग टूलने दाबल्यावर पकड आवरणावर बसते. आवरण बाहेर राहिलं आणि नुसत्या तारा पकडीत आल्या, की एकदा खुर्ची सरकवली तरी एखादी तार ढिली होते.

कधी हजार, कधी शंभर

कायमचा ९४ सापडायला सोपा. त्रास देतो तो येणारा-जाणारा दोष. राउटर बंद-चालू केला की लिंकची बोलणी नव्याने होतात आणि कधी कधी हजार जमतं, म्हणून माणूस येऊन गेल्यावर दोन दिवस बरं वाटतं. सांधा ढिला तो ढिलाच असतो.

लिंक स्पीडची खिडकी उघडी ठेवा आणि जॅक हळूच वर-खाली हलवा. आकडा उडाला तर चोर तिथेच सापडला. जॅकची खिटी तुटलेली आहे का बघा. खिटी नसली की केबलच्या वजनाने जॅक पुढे सरकतो आणि एखादीच पिन सुटते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नेटवर्क कार्डच्या नोंदी वेळेसकट असतात, राउटरच्या लॉगमध्येही बऱ्याचदा पोर्ट गेल्या-आल्याची नोंद मिळते. त्या वेळा एकदा जुळवून पाहा.

आपल्याकडे याला पावसाची जोड आहे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत केबल न्यायला भिंत फोडायची नको, म्हणून ती खिडकीतून बाहेरच्या भिंतीवरून नेतात. घरात वापरायच्या केबलचं आवरण उन्हाने कडक होतं, चिरतं, आणि जूनमध्ये पाणी आत शिरतं. आवरणाच्या आतून ते ओघळत थेट जॅकपर्यंत येतं, आणि पिनांवर हिरवट थर चढतो. मुंबईत, कोकणात, गोव्यात खारी हवा असल्याने हे आणखी लवकर होतं. बाहेरून न्यायचीच असेल तर काळ्या आवरणाची, आत जेल भरलेली बाहेरच्या वापराची केबल घ्या, आणि घरात शिरण्याआधी केबलला भोकाच्या खाली झोल द्या, म्हणजे पाणी त्या झोलावरून बाहेरच टपकतं.

वळवाच्या पावसातल्या विजांमुळेही पोर्ट अर्धवट मरतात. पूर्ण बंद पडत नाहीत, एखादी जोडी जाते आणि पोर्ट शंभरावर येतो. त्यामुळे केबल निर्दोष ठरली तर पोर्ट बदलून पाहायला विसरू नका. दोन इमारतींमध्ये, किंवा घर आणि शेजारचा गोठा, गोडाऊन यांच्यामध्ये उघड्यावरून तांब्याची केबल टाकूच नका. तिथे धातूची तार नसलेलं फायबर आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणारा डबा) लावा. काचेतून वीज वाहत नाही, आणि तांब्याची १०० मीटरची मर्यादाही तिथे आड येत नाही.

आणि सीसीए. म्हणजे वरून तांब्याचा मुलामा, आतून ॲल्युमिनियम. बाजारात स्वस्त म्हणून मिळणाऱ्या रोलमध्ये ही भरपूर असते. तिचा विद्युतरोध शुद्ध तांब्यापेक्षा निम्म्याहून अधिक वाढलेला असतो, आणि तार दोन-चारदा वाकवली की मोडते. भिंतीतल्या जॅकवर पंच केलेली अशी तार काही महिन्यांनी स्वतःहून ढिली पडते. ओळखायची खूण सोपी: ब्लेडने तार खरवडा. आत चांदीसारखा पांढरा रंग दिसला की ती परत करा. शुद्ध तांबं आतपर्यंत तांबूसच राहतं. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत केबल मीटरवर घेताना कापलेलं टोक तिथेच खरवडून बघा. चांगला दुकानदार यावर रागावत नाही.

केबल बदलायचीच असेल तर

भिंतीत कॅट ५ई (कॅट म्हणजे लॅन केबलची प्रत) असेल आणि ती शुद्ध तांब्याची असेल, तर ती काढू नका. १०० मीटरपर्यंत गिगाबिट तिच्यावर चालतं, आणि २०१६ साली आलेलं २.५ गिगाबिटचं मानकही तिच्यासाठीच बनवलं गेलं. दोन्ही टोकं नव्याने बसवून पाहा. बहुतेक घरांत एवढ्यावर भागतं.

नवी टाकायची तर शुद्ध तांब्याची कॅट ६. फ्लॅटमधलं अंतर क्वचितच २५ मीटरच्या वर जातं, आणि कॅट ६ वर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही चालू शकतं. ‘कॅट ८’ लिहिलेल्या चकचकीत चपट्या केबलवर पैसे घालवू नका. पाइपातून नवी केबल ओढताना जुनीच ओढतार म्हणून वापरा आणि सोबत एक नायलॉनची दोरी आत ठेवून द्या. विजेच्या वायरींच्या पाइपात लॅन केबल घालायची नाही. दोन्ही एकमेकींना ओलांडत असतील तर काटकोनात ओलांडू द्या. भिंतीत अखंड तारेची केबल, सॉकेटला कीस्टोन जॅक (फेसप्लेटमध्ये बसणारा), आणि तिथून कॉम्प्युटरपर्यंत तयार पॅच कॉर्ड, ही रचना सगळ्यात टिकते. प्रत्येक पॉइंटला दोन केबल टाकल्या तर मजुरी जवळपास तेवढीच लागते.

पोर्ट कमी पडले तर पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच पुरे. एकाच केबलची दोन्ही टोकं चुकून त्याच स्विचमध्ये गेली तर अख्खं घर ठप्प होतं, म्हणून टोकांवर नावं लिहून ठेवा. २.५ गिगाबिटचा स्विच घरात एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) असेल आणि रोज मोठ्या फाइली फिरत असतील तरच घ्यावा.

टीव्हीवर मात्र वेळ घालवू नका. बहुतेक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच शंभराचा असतो, महागातल्यांचाही. फोरकेला साधारण १५ ते २५ एमबीपीएस लागतात, तेव्हा तिथे १०० दिसणं हा दोष नाही.

लिंक १००० असूनही आकडा कमी येत असेल तर लॅपटॉपचा यूएसबी लॅन अडॅप्टर २.० चा नाही ना ते पाहा. तो ३०० च्या आसपास दम टाकतो. राउटरमधलं क्यूओएस (कोणत्या कामाला आधी स्पीड द्यायचा हे ठरवणारी सोय) किंवा पॅरेंटल कंट्रोल बंद करून बघा, छोट्या प्रोसेसरच्या राउटरला ते जड जातं. हे सगळं करून राउटरच्या लॅन पोर्टवर थेट केबलनेही रात्री आठ ते अकराच स्पीड पडत असेल, तर आता प्रश्न कंपनीचा आहे. लिंक स्पीडचा आणि टेस्टचा स्क्रीनशॉट वेळेसकट जोडून लेखी तक्रार टाका, आणि ओएनटीवर येणारी ऑप्टिकल पॉवर किती आहे ते विचारा. जीपॉनला (घरोघरी येणाऱ्या फायबरचं तंत्र) ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या (पॉवर मोजायचं एकक) दरम्यान असावी लागते. ती उणे २७ च्या कडेला असेल तर लाइनमनला फायबरचा कनेक्टर पुसायला आणि वाटेतली वाकलेली फायबर सरळ करायला लावा, आणि तो निघायच्या आधी आकडा पुन्हा वाचून घ्या.